निर्वात नळीचा ध्वनिमिश्रक

'मिक्सर' हा शब्द कानी पडताच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघरातील यंत्र उभे राहते. त्यात खोबरे, मिरची आणि कोथिंबीर घातली की काही क्षणांत त्यांची चटणी होते आणि एक जिन्नस दुसऱ्यापासून वेगळा ओळखू येत नाही. ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रातही याच नावाचे एक उपकरण असते; परंतु त्याचे काम अधिक नाजूक आहे. गायकाचा कंठ, संवादिनी, तबला आणि तानपुरा यांचे आवाज त्याला एकत्र आणावे लागतात. मात्र त्यांपैकी कोणाचीही ओळख पुसली जाऊन चालत नाही. शिवाय कोणाला किती पुढे आणायचे आणि कोणाला किती मागे ठेवायचे, हे ठरविण्याची मुभा प्रत्येक क्षणी उपकरण चालविणाऱ्याकडे असावी लागते. या उपकरणाला ध्वनिमिश्रक म्हणतात.

आज लहानमोठे ध्वनिमिश्रक बाजारात तयार मिळतात आणि संगणकावरही आवाजांचे मिश्रण करता येते. तरीही जगभरातील अनेक हौशी तंत्रज्ञ निर्वात नळ्या वापरून आपला मिश्रक स्वतःच्या हाताने बांधतात. असा मिश्रक कसा तयार होतो, त्यातील प्रत्येक भागाचे प्रयोजन काय असते आणि तो बांधताना कोणती दक्षता घ्यावी लागते, याची माहिती या पाठात दिली आहे.

दिव्यातून जन्मलेले साधन

निर्वात नळीचा उगम विजेच्या दिव्यात आहे. दिव्याच्या काचेच्या आत धातूची आणखी एक पट्टी बसविली, तर तापलेल्या तंतूपासून त्या पट्टीकडे मधल्या पोकळीतून वीज वाहते, असे टॉमस एडिसन यांना १८८० च्या दशकात आढळून आले होते. इंग्लंडमधील जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये या गुणधर्माचा उपयोग करून विजेला एकाच दिशेने वाहू देणारी नळी तयार केली. पाण्याच्या नळातील झडप जे काम करते तेच ही नळी विजेच्या बाबतीत करीत असल्यामुळे तिला 'व्हॉल्व्ह' हे नाव मिळाले. पुढे १९०६ मध्ये अमेरिकेतील ली डी फॉरेस्ट यांनी या नळीत तारेची एक जाळी बसविली. या जाळीमुळे दुबळ्या विद्युत संकेताचे बलवान संकेतात रूपांतर करणे शक्य झाले. रेडिओ, बोलपट, ध्वनिक्षेपक आणि दूर अंतरावरचा टेलिफोन यांची वाढ या जाळीच्या आधाराने झाली.

भारतातही जुन्या रेडिओच्या दुरुस्तीच्या दुकानांत 'व्हॉल्व्ह' हाच शब्द रूढ झाला. बंगळूर येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९६१ मध्ये रेडिओसाठी लागणाऱ्या व्हॉल्व्हचे उत्पादन सुरू केले.

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात व्हॉल्व्हचे स्थान मोठे आहे. लंडनच्या अ‍ॅबी रोडवरील ईएमआय स्टुडिओत १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून व्हॉल्व्हवर चालणारी मिश्रणाची मेजे वापरात होती. बीटल्स या संगीतसमूहाची सुरुवातीची ध्वनिमुद्रणे याच मेजांवरून झाली. १९६८ मध्ये तेथे ट्रान्झिस्टरवर चालणारे नवे मेज आले. मोठ्या स्टुडिओंना हे साधत होते, तसे ते एखाद्या जिद्दी माणसाला आपल्या घरीही साधत होते. जो मीक या इंग्रज ध्वनिमुद्रकाने लंडनच्या हॉलोवे रोडवर, एका चामड्याच्या वस्तूंच्या दुकानावरील खोल्यांत स्वतःचा स्टुडिओ उभारला होता. त्यातील काही उपकरणे त्याने स्वतः बांधलेली होती. तेथे घडविलेली 'टेलस्टार' ही १९६२ ची वाद्यरचना ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली.

नळीच्या आत काय घडते?

ध्वनिमिश्रकासाठी सर्वाधिक वापरली जाणारी नळी '१२एएक्स७' या नावाने ओळखली जाते. युरोपात तिला 'ईसीसी८३' म्हणतात. अंगठ्याएवढ्या काचेच्या या नळीला खाली नऊ पिना असतात आणि तिच्या आत दोन स्वतंत्र वर्धक सामावलेले असतात.

प्रत्येक वर्धकाचे तीन मुख्य भाग असतात. मध्यभागी कॅथोड असतो. त्याच्या आत बसविलेल्या तंतूमुळे तो तापतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. सर्वांत बाहेर अ‍ॅनोड हे धातूचे वेष्टन असते. त्यावर उच्च धन दाब दिल्यामुळे इलेक्ट्रॉन त्याच्याकडे ओढले जातात. या दोहोंच्या मध्ये ग्रिड, म्हणजेच बारीक तारेची जाळी असते. ग्रिड कॅथोडच्या तुलनेत किंचित ऋण ठेवलेला असतो, त्यामुळे तो इलेक्ट्रॉनांच्या प्रवाहाला काही प्रमाणात अडवतो. ध्वनीचा संकेत ग्रिडवर दिला की ही अडवणूक ध्वनीच्या लयीत कमीजास्त होते. ग्रिडवरील अगदी लहान बदलामुळे अ‍ॅनोडकडे जाणाऱ्या प्रवाहात मोठा बदल घडतो. कालव्याचे दार किंचित वरखाली केल्याने पाटातील पाणी बरेच कमीजास्त व्हावे, तसाच हा प्रकार आहे.

हा बदलता प्रवाह १,००,००० ओहमच्या रेझिस्टरमधून नेला, की त्याचे बदलत्या दाबात रूपांतर होते. २५० व्होल्टचा वीजपुरवठा, अ‍ॅनोडला १,००,००० ओहमचा आणि कॅथोडला १,५०० ओहमचा रेझिस्टर, अशी मांडणी केल्यास नळीतून सुमारे ०.८६ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आणि संकेत सुमारे ५४ पट मोठा होतो.

दुबळा आवाज आणि बलवान आवाज

मिश्रकापुढील पहिली अडचण असमानतेची असते. साध्या डायनॅमिक मायक्रोफोनसमोर एखादी व्यक्ती गाऊ लागली, तर त्यातून निघणारा संकेत जेमतेम २ मिलिव्होल्टचा असू शकतो. टेपरेकॉर्डर किंवा सीडी प्लेअर यांतून मिळणारा संकेत १ व्होल्टच्या आसपास असतो. म्हणजे एक दुसऱ्याच्या सुमारे ५०० पट झाला. हे दोन्ही आवाज तसेच जोडले, तर गाणाऱ्याचा आवाज ऐकूही येणार नाही. म्हणून एकत्र येण्यापूर्वी दुबळ्या आवाजाला बळ द्यावे लागते.

चार आवाजांच्या साध्या घरगुती मिश्रकात दोन मायक्रोफोन आणि दोन तयार संकेत यांची सोय करता येते. मायक्रोफोनचा संकेत प्रथम एका लहान ट्रान्सफॉर्मरमधून जातो. त्याच्या दुय्यम वेटोळ्यात प्राथमिक वेटोळ्याच्या दहापट वेढे असल्याने २ मिलिव्होल्टचे २० मिलिव्होल्ट होतात. त्यानंतर १२एएक्स७ नळीचा एक भाग त्याला ५४ पट करतो. अशा प्रकारे २० मिलिव्होल्टचा संकेत १ व्होल्टच्या किंचित वर पोहोचतो आणि तयार संकेतांच्या बरोबरीला येतो. नळीत दोन वर्धक असल्यामुळे दोन मायक्रोफोनांसाठी एकच नळी पुरते.

येथे एक छोटा पण महत्त्वाचा भाग लागतो, तो म्हणजे कपॅसिटर. अ‍ॅनोडवर सुमारे १६४ व्होल्टचा स्थिर दाब असतो आणि त्यावर ध्वनीचा बदलता संकेत स्वार झालेला असतो. कपॅसिटर स्थिर दाब अडवतो आणि बदलता संकेत तेवढा पुढे जाऊ देतो. यासाठी ०.१ मायक्रोफॅरडचा आणि किमान ४०० व्होल्ट सहन करणारा कपॅसिटर वापरतात.

एकत्र येण्यासाठी लागणारे अंतर

चारही आवाज समान पातळीवर आले, की प्रत्येकासाठी एकेक व्हॉल्यूम कंट्रोल बसवितात. आता ते एकाच तारेला जोडले म्हणजे मिश्रण झाले, असे कोणालाही वाटेल. नवशिक्या बांधणाऱ्याची पहिली चूक हीच असते. व्हॉल्यूम कंट्रोल शून्यावर आणला, की त्याची मधली पट्टी जमिनीच्या तारेला टेकते. चारही पट्ट्या थेट एकमेकींना जोडलेल्या असतील, तर एका आवाजाचा कंट्रोल शून्यावर नेताच उरलेल्या तिघांचे संकेतही त्याच वाटेने जमिनीत निघून जातात. एकाला गप्प करू गेले, तर सारेच गप्प होतात.

यावरील उपाय साधा आहे. प्रत्येक व्हॉल्यूम कंट्रोलनंतर ४,७०,००० ओहमचा एकेक रेझिस्टर बसवितात आणि मग त्या चार रेझिस्टरांची दुसरी टोके एकत्र जोडतात. आता प्रत्येक आवाज आणि सामाईक तार यांच्यामध्ये मोठा रोध उभा असतो. एक कंट्रोल शून्यावर नेला, तरी बाकीचे आवाज त्या वाटेने निसटून जात नाहीत. त्यांच्या पातळीत फारसा फरक पडत नाही. संपूर्ण मिश्रकाचे मर्म या चार स्वस्त रेझिस्टरांत आहे. आवाजांना एकत्र आणायचे असेल, तर त्यांच्यामध्ये पुरेसे अंतर राखावे लागते.

या अंतराची किंमतही मोजावी लागते. चार समान रेझिस्टरांतून आवाज जोडले, की प्रत्येकाचा जवळजवळ एक-चतुर्थांश भागच सामाईक तारेवर उरतो. आठ आवाज असते, तर एक-अष्टमांश उरला असता. जितके अधिक आवाज एकत्र येतील, तितका प्रत्येकाचा वाटा लहान होतो. ही तूट भरून काढण्यासाठी मिश्रणानंतर आणखी एक वर्धक लागतो. त्यासाठी '१२एयू७' ही कमी वर्धन करणारी नळी सोयीची ठरते. तिचा पहिला भाग संकेत सुमारे १३ पट करतो. तिचा दुसरा भाग कॅथोडवरून संकेत बाहेर देतो. त्यामुळे संकेत मोठा होत नाही; मात्र लांब तारेतून पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत न क्षीण होता जाण्याची क्षमता त्याला येते. अशा प्रकारे अवघ्या दोन नळ्यांत चार आवाजांचा मिश्रक पूर्ण होतो.

वीजपुरवठा

नळ्यांना दोन प्रकारची वीज लागते. तंतू तापविण्यासाठी १२.६ व्होल्ट पुरतात आणि प्रत्येक नळी १५० मिलिअँपिअर प्रवाह घेते. तंतूंना दिष्ट धारा दिली, तर आवाजातील घरघर कमी होते.

अ‍ॅनोडसाठी मात्र उच्च दाब लागतो. घरातील २३० व्होल्टची प्रत्यावर्ती धारा ट्रान्सफॉर्मरद्वारे २०० व्होल्टवर आणून चार डायोडांच्या साहाय्याने तिचे एकदिशीकरण करतात. प्रत्यावर्ती दाबाचे शिखर त्याच्या नेहमीच्या मोजमापापेक्षा १.४१ पट उंच असते. त्यामुळे कपॅसिटरवर सुमारे २८० व्होल्ट साठतात. पुढे रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्या जोड्यांतून ही वीज गाळून घेतात आणि ती २५० व्होल्टवर स्थिरावते. नळ्या तापेपर्यंत त्या प्रवाह घेत नाहीत, म्हणून सुरुवातीला सर्वच कपॅसिटरांवर पूर्ण दाब येतो. हे लक्षात घेऊन ते ४५० व्होल्ट सहन करणारे निवडतात.

ट्रान्सफॉर्मर वाचविण्यासाठी घरातील वीज थेट डायोडांना जोडण्याचा मोह कधीही होऊ देऊ नये. ट्रान्सफॉर्मरमुळे उपकरण विजेच्या मुख्य तारांपासून अलग राहते. तो नसेल, तर मायक्रोफोनची धातूची मूठही प्राणघातक होऊ शकते.

जिवाची काळजी

ट्रान्झिस्टरच्या लहान उपकरणांत ९ किंवा १२ व्होल्ट असतात, त्यामुळे हात लागला तरी सहसा इजा होत नाही. निर्वात नळीच्या उपकरणात चूक माफ होत नाही. २५० व्होल्टचा दिष्ट दाब माणसाचा जीव घेऊ शकतो. शिवाय उपकरण बंद केल्यावरही हा दाब कपॅसिटरमध्ये साठून राहतो. बटण बंद आहे, प्लग काढलेला आहे, तरीही आतील तार धक्का देऊ शकते.

म्हणून मुख्य कपॅसिटरला समांतर २,२०,००० ओहमचा एक रेझिस्टर कायमचा जोडून ठेवतात. ४७ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर असतील, तर हा रेझिस्टर त्यांतील वीज सुमारे पावणेदोन मिनिटांत एक-दोन व्होल्टवर आणतो. पण तोही एखादे वेळी तुटलेला असू शकतो. त्यामुळे आत हात घालण्यापूर्वी मीटरने दाब मोजणे अनिवार्य आहे. धातूची पेटी तीन पिनांच्या प्लगमधील अर्थच्या तारेला पक्की जोडावी. मुख्य तारेवर फ्यूज असावा. चालू उपकरणात मोजमाप करताना एक हात पाठीमागे ठेवण्याची जुन्या कारागिरांची पद्धत होती. दोन्ही हात आत असतील, तर प्रवाह छातीतून जाण्याचा धोका असतो. ज्यांना अशा कामाचा अनुभव नाही, त्यांनी जाणकार व्यक्तीच्या देखरेखीखालीच हे काम करावे आणि एकट्याने कधीही करू नये.

बांधणी आणि तपासणी

मिश्रक अ‍ॅल्युमिनियमच्या चासीवर बांधतात. वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर एका टोकाला आणि मायक्रोफोनचे ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या टोकाला बसवितात. कारण पहिल्याचे चुंबकीय क्षेत्र दुसऱ्यांत शिरले, तर आवाजात ५० हर्ट्झची घरघर ऐकू येते. मायक्रोफोनकडून येणाऱ्या तारा जाळीच्या वेष्टनाच्या असाव्यात. जमिनीच्या सर्व तारा शक्यतो एकाच बिंदूवर आणून जोडाव्यात. त्या ठिकठिकाणी चासीला जोडल्यास त्यांची वर्तुळे तयार होतात आणि घरघर वाढते. सोल्डरचा प्रत्येक सांधा चकचकीत आणि पक्का असावा.

उपकरण प्रथम सुरू केल्यावर कानापेक्षा मीटरवर भिस्त ठेवावी. १२एएक्स७ च्या कॅथोडवर सुमारे १.३ व्होल्ट मिळाले, तर ओहमच्या नियमाने त्याला १,५०० ने भागता प्रवाह ०.८६ मिलिअँपिअरच्या जवळ येतो. हाच प्रवाह १,००,००० ओहममधून जाताना ८६ व्होल्ट खर्ची पडतात. म्हणून अ‍ॅनोडवर २५० वजा ८६, म्हणजे १६४ व्होल्टच्या आसपास दाब दिसायला हवा. अ‍ॅनोडवर पूर्ण २५० व्होल्ट दिसले, तर नळीतून प्रवाह वाहत नाही असे समजावे. तंतू तापला आहे का आणि कॅथोडचा सांधा तुटला आहे का, हे पाहावे. शाळेत पाठ केलेला नियम येथे प्रत्यक्ष दोष दाखवून देतो.

घरघर ऐकू आल्यास तिचे मूळही विचारपूर्वक शोधता येते. चारही कंट्रोल शून्यावर असताना ती ऐकू येत असेल, तर दोष मिश्रणानंतरच्या भागात किंवा वीजपुरवठ्यात असतो. एखादा कंट्रोल वाढविल्यावरच ती वाढत असेल, तर दोष त्या आवाजाच्या वाटेत असतो.

हा खटाटोप कशासाठी?

ट्रान्झिस्टरचा शोध अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये लागला. ट्रान्झिस्टर लहान, स्वस्त आणि टिकाऊ असतो, तो कमी वीज घेतो आणि त्याच्यासाठी धोकादायक दाब लागत नाही. संकेत जसाच्या तसा पुढे देण्याच्या कामात आजची ट्रान्झिस्टरची मंडले नळ्यांपेक्षा सरसही ठरतात. मग नळ्यांचा आग्रह का धरला जातो?

त्याचे एक कारण आवाजाच्या पोतात आहे. नळीवर अधिक भार पडला, की ती संकेताचे टोक एकदम कापत नाही, हळूहळू दाबते. असे होताना मूळ स्वराच्या दुप्पट वारंवारतेचा स्वर त्यात थोडासा मिसळतो. दुप्पट वारंवारता म्हणजे वरच्या सप्तकातील तोच स्वर. त्यामुळे हा बदल कानाला बेसूर वाटत नाही; आवाज भरदार झाल्याचा भास होतो. तांत्रिक दृष्टीने हा दोषच आहे, परंतु अनेक गायकवादकांना तो हवासा वाटतो.

दुसरे कारण शिकण्याशी निगडित आहे. आधुनिक मंडलात हजारो घटक नखाएवढ्या तुकड्यात बंद असतात आणि त्यांचे कार्य डोळ्यांना दिसत नाही. नळीच्या मिश्रकात प्रत्येक भाग सुटा असतो. तो बोटाने दाखविता येतो, मीटरने मोजता येतो आणि बिघडला तर बदलता येतो. त्यामुळे ज्याने हा मिश्रक बांधला आहे, त्याला पुढे कोणत्याही मोठ्या ध्वनिमेजासमोर उभे केले, तरी त्यावरील बटणांची गर्दी त्याला गोंधळात टाकत नाही. दुबळ्या आवाजाला आधी बळ देणे, प्रत्येकाला स्वतंत्र वाट देणे आणि एकत्र आल्यावर झालेली तूट भरून काढणे, ही तीन कामे त्या मेजावर कोठे होत असतील, हे तो शोधून काढू शकतो.